चारही इंजेक्टर बदलण्याआधी चार बाटल्या लावून बघा

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. यावलकडचे एक केळीवाले दादा आहेत. गाडी २०१३ ची, १.३ लिटर डिझेल, एक लाख साठ हजार किलोमीटर झालेली. सकाळी एका सेल्फला चालू होते. दुपारी जळगावात काम उरकून परत निघायचं म्हटलं की चार-पाच वेळा सेल्फ मारावा लागतो. उभ्या गाडीत थरथर जाणवते, अॅव्हरेज वीसवरून सोळावर आलं. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला आणि दोन मिनिटांत निकाल दिला: चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) गेले, साठ-सत्तर हजारांची तयारी ठेवा. दादांचं म्हणणं असं, की ट्रॅक्टरची नोझलं मी स्वतः काढतो-बसवतो, मग ही का नको?

दादा, हात लावायला हरकत नाही. पण आत्ताच नाही. तुमच्या गाडीचे चारही इंजेक्टर गेलेत असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

मी सुरुवातीची वर्षं धुळ्यात इंजिनाचे डिझेल पंप दुरुस्त करायच्या दुकानात काढली आणि नंतर जळगावात स्वतःचं शटर उघडलं. तेव्हापासून हीच तक्रार ऐकतोय, "भो, सकायले बरी चालस, दुपारले रुसस." १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा प्रदूषणाचा नवा नियम आला, मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या आणि ज्यांच्याकडे होत्या त्यांनी त्या जपून ठेवल्या. फियाटचं १२४८ सीसीचं ते मल्टिजेट इंजिन मारुतीत डीडीआयएस नावाने आलं, टाटात क्वाड्राजेट नावाने. खानदेशात अजून गल्लोगल्ली दिसतं. इंजिन दणकट आहे. आता वयाने इंजेक्टरपर्यंत काम आलंय, एवढंच.

तुमच्या तक्रारीत सगळ्यात कामाचा शब्द आहे 'दुपारी'. डिझेल तापलं की पातळ होतं. पातळ डिझेल झिजलेल्या फटीतून जास्त निसटतं. जुन्या जीपवाल्यांना हे पुस्तक न वाचता कळलेलं होतं. काळीपिवळी उन्हात बंद पडली की ते इंजिनावरच्या डिझेल पंपावर ओलं गोणपाट टाकायचे, दहा मिनिटं बिडी ओढायचे आणि गाडी चालू व्हायची. पंप झिजलेला असायचा, गार झाल्यावर डिझेल पुन्हा घट्ट व्हायचं आणि दाब धरायचा. तुमच्या गाडीत तत्त्व तेच आहे, फक्त गळती पंपात असेल किंवा इंजेक्टरात. (आणि तुमच्या इंजिनावर पाणी ओतू नका. वर सगळी वायरिंग असते.)

आता ट्रॅक्टरचं नोझल आणि हा इंजेक्टर यांत फरक काय ते समजून घ्या, म्हणजे पुढची सगळी काळजी का घ्यायची ते आपोआप पटेल. ट्रॅक्टरचं नोझल साधारण दोनशे बार दाबाच्या आसपास उघडतं. आत स्प्रिंग, पंपाने दाब दिला की सुई उचलली जाते, काम खलास. तुमच्या गाडीत कॉमन रेल आहे, त्यात पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, सतत दाब भरून ठेवतो. गाडी उभी असताना अडीचशे-तीनशे बार, आणि पूर्ण रेस दिल्यावर चौदाशे-सोळाशे बारपर्यंत. सोळाशे बार म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर दीड टनापेक्षा जास्त भार. करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर तुमची अख्खी गाडी उभी केल्यासारखं. हा दाब कायम सुईच्या खाली आणि वर दोन्हीकडे असतो. ईसीयूने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने, करंट सोडला की वरच्या बाजूची एक बारीकशी झडप उचलली जाते, सुईच्या डोक्यावरचा दाब थोडा रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, निघून जातो, खालचा दाब जिंकतो, सुई उठते आणि फवारा उडतो. करंट थांबला की झडप बसते, सुई बसते. एका पॉवर स्ट्रोकसाठी हे दोनदा-तीनदा घडतं, आधी बारीक फवारा, मग मुख्य. त्या पहिल्या बारीक फवाऱ्यामुळेच ही इंजिनं जुन्या डिझेलसारखी ठणठण करत नाहीत.

म्हणजे थोडं डिझेल रिटर्नला जाणं हा या इंजेक्टरचा स्वभावच आहे. झडपेची बैठक झिजली की ते थोडं खूप होतं. सेल्फवर इंजिन हळू फिरतं, तेव्हा पंपही थोडंच डिझेल देतो. ते सगळं एखाद्या फुटक्या इंजेक्टरमधून टाकीकडे परत गेलं तर रेलमध्ये दाब चढत नाही, आणि दाब ठरावीक आकड्याच्या वर गेल्याशिवाय ईसीयू फवारा सोडतच नाही. मग सेल्फ मारत बसा.

चारपैकी एकच इंजेक्टर असा फुटका असला तरी लक्षण हेच दिसतं. म्हणूनच म्हणतोय, चारही बदलायची घाई नको.

बाटल्यांची तपासणी अशी करा. मेडिकलमधून सलाईनच्या चार नळ्या आणा, सारख्या मापाच्या चार छोट्या बाटल्या घ्या. इंजेक्टरच्या डोक्यावरची रिटर्नची पातळ नळी क्लिप काढून सोडा आणि प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न वेगळ्या बाटलीत घ्या. टाकीकडे जाणाऱ्या नळीचं तोंड बूच लावून बंद करा, नाहीतर इंजिनावर डिझेलची आंघोळ होईल. गाडी चालू करून दोन मिनिटं उभी ठेवा आणि बाटल्या शेजारी शेजारी लावून बघा. किती मिलीलिटर बरोबर, हा आकडा गाडीगणिक बदलतो, त्याच्या नादी लागू नका. तीन बाटल्या सारख्या आणि चौथीत दुप्पट-तिप्पट, तर चौथा गुन्हेगार. मग बाटल्या रिकाम्या करून नुसता सेल्फ मारून बघा. चांगला इंजेक्टर सेल्फवर जवळजवळ काहीच परत पाठवत नाही.

यात एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. तपासणी सकाळी गार गाडीवर करतात, चारही बाटल्या सारख्या दिसतात आणि इंजेक्टर निर्दोष सुटतात. तुमची गाडी दुपारी रुसते ना? मग ती दुपारीच तपासा, पंचवीस-तीस किलोमीटर चालवून आणल्यावर, इंजिन तापलेलं असताना. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या घरात असतो, त्याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार? उलट कुणी म्हणालं, की माझी गाडी फक्त थंडीत सकाळी त्रास देते, दुपारी झकास, तर मी इंजेक्टरकडे शेवटी बघेन. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा सहा-सातवर उतरतो, तेव्हा ग्लो प्लग (गार सिलिंडर तापवणारे), बॅटरी आणि रात्रभरात डिझेल लाइनमध्ये शिरलेली हवा हे पहिले संशयित.

बाटल्या सारख्या निघाल्या आणि तरीही गरम गाडी चालू होत नसेल, तर सेल्फ मारताना स्कॅनरवर रेलचा दाब बघायला सांगा. साधारण दोनशे बारच्या वर जात नसेल तर पंप, पंपावरची मीटरिंग झडप, रेलची दाब-झडप, चोंदलेला फिल्टर यांच्याकडे वळा. दाब चढतोय आणि तरी चालू होत नाही, तर क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते ईसीयूला सांगणारा) बघा, तोही तापल्यावर दगा देतो. आणि सेल्फ स्वतःच हळू फिरत असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा. सेल्फचे ब्रश बदलल्यावर 'मेलेले' चारही इंजेक्टर जिवंत झाल्याचं मी पाहिलंय.

गॅरेजवाल्याने स्कॅनरवर जे पाहिलं असेल ते बहुधा इंजेक्टरचं करेक्शन. कुठला सिलिंडर कमी जोर देतोय हे ईसीयू क्रँकच्या वेगावरून ओळखतो आणि त्याला थोडं जास्त डिझेल देतो, त्याचा हा आकडा. शून्याच्या आसपास असेल तर चांगलं. पण एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशनच कमी असेल तरीही त्याचा आकडा वाढतोच. तिथे नवा इंजेक्टर घातलात तर पैसे गेले आणि थरथर जागेवर. म्हणून आकडा वाईट दिसला की मी शेजारच्या दोन सिलिंडरचे इंजेक्टर आपसात बदलून बघतो. खोट इंजेक्टरबरोबर सरकली तर इंजेक्टर, जागेवरच राहिली तर इंजिन. मात्र अदलाबदल केली की कोडही अदलून टाकावे लागतात. त्याबद्दल पुढे सांगतो.

थरथरीचं अजून एक कारण आहे आणि ते फारच स्वस्त आहे. इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा एक वाशर असतो. तो दबला किंवा इंजेक्टर दाबून धरणाऱ्या क्लँपचा बोल्ट सैल झाला की ज्वलनाचा गॅस बाजूने वर येतो. बॉनेट उघडं ठेवून कान दिला तर 'चक-चक-चक' असा आवाज येतो, इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो, केबिनमध्ये धुराचा वास येतो. हे दिसलं तर इंजेक्टर चांगला असू शकतो, नुसता वाशर बदलायचा, चहा-नाश्त्याच्या पैशांत. पण ते टाळलंत तर तोच काळा थर दगडासारखा होतो आणि पुढे इंजेक्टर निघता निघत नाही.

समजा तपासणीत एक किंवा दोन इंजेक्टर दोषी ठरले. आता काढायचे कसे?

इथून पुढे स्वच्छता हेच अर्धं काम आहे. आतल्या भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, आपला केस साठ-सत्तर मायक्रॉनचा. शेतातल्या गोठ्याशेजारी, वाऱ्यात, कापसाच्या दिवसांत हे काम करू नका. आदल्या दिवशी इंजिनचं डोकं धुऊन, हवा मारून कोरडं करून घ्या. कॉटन वेस्ट वापरू नका, तिचे धागे सुटतात. धागे न सुटणारं स्वच्छ कापड घ्या. प्रत्येक पाइपाला आणि इंजेक्टरच्या तोंडाला लावायला छोटी प्लास्टिकची बुचं आधी जमवून ठेवा. पाइप सुटला की त्याच क्षणी बूच बसलं पाहिजे. चहा प्यायला जायचं तर बुचं लावल्यावर जा.

इंजिन कोमट असताना इंजेक्टर सोपा निघतो. पण गाडी बंद केल्याबरोबर पाना लावू नका. दहा मिनिटं जाऊ द्या, रेलचा दाब उतरू द्या, बॅटरीची मायनस वायर काढा. ट्रॅक्टरवर तुम्ही काय करता ते मला माहीत आहे: इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा नट ढिला करायचा आणि कुठल्याने आवाज बदलत नाही ते बघायचं. मीही तेच शिकलो. कॉमन रेलवर ते कधीही, कुठल्याही परिस्थितीत करायचं नाही. तिथे डिझेल थेंब थेंब पडत नाही, डोळ्याला न दिसणाऱ्या सुईसारखं येतं आणि कातडी फोडून आत जातं.

माझ्याकडे एक पोरगा होता. पाइपाला बारीक लीक होती, त्याने बोट फिरवून बघितलं. टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका, रक्तही नाही. तो हसत होता. मी त्या वेळी नवखाच होतो, म्हटलं हात धू आणि कामाला लाग. रात्री हात भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी बोट उघडून आतलं डिझेल धुऊन काढलं, बोट वाचलं पण आजही पूर्ण वळत नाही. असं झालं तर दुखत नसलं तरी तासाभरात सर्जन असलेला दवाखाना गाठायचा आणि 'जोराच्या दाबाने डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगायचं. साधी जखम समजून टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन घरी यायचं नाही. लीक बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून बघा.

इंजेक्टरच्या डोक्यावरचा कनेक्टरही इंजिन चालू असताना उपसू नका. तिथे ईसीयू बारा व्होल्ट देत नाही, कित्येक पटींनी वाढवून देतो.

काढताना पाइपांवर आणि इंजेक्टरवर एक ते चार नंबर टाका. क्लँपचा बोल्ट काढला की नशीब असेल तर इंजेक्टर हाताने हलवून वर येतो. नसेल तर भेदक तेल सोडा आणि रात्रभर थांबा. दुसऱ्या दिवशी इंजेक्टरच्या चपट्या भागाला पाना लावून थोडं इकडे, थोडं तिकडे हलवा. मग स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणारं वजन आपटून ओढायचं हत्यार) लावून सरळ वर ओढा. पहार घालून उचकटायचं नाही, वरच्या कॉइलवर हातोडी मारायची नाही. काही जण क्लँप ढिला करून गाडी चालू करतात, म्हणजे कॉम्प्रेशनच इंजेक्टर बाहेर फेकेल. फेकतोही. पण कुठे फेकेल ते तो विचारून ठरवत नाही. तासभर ओढून हलला नाही तर थांबा आणि ज्याच्याकडे योग्य पुलर आहे त्याच्याकडे गाडी टो करून न्या. हेडमध्ये मोडलेला इंजेक्टर काढायचं काम नव्या इंजेक्टरपेक्षा महाग पडतं.

बाहेर आला की आधी वाशर मोजा. इंजेक्टरबरोबर आला का, की खाली भोकातच राहिला? हे विचारतोय त्याला कारण आहे. नवा असताना मी एका गाडीत जुना वाशर खाली चिकटलेला असताना त्यावर नवा घालून इंजेक्टर बसवला. इंजेक्टर वाशरभर वर उचलला गेला, फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा तिथे पडेना. गाडी काळा धूर ओकत होती आणि मी दोन दिवस इंजेक्टर बनवणाऱ्याला शिव्या देत होतो. उस्तादाने टॉर्च मारून खाली बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. तो काही बोलला नाही, तेच जास्त लागलं. वाशरची जाडीही म्हणूनच मूळ मापाचीच हवी. दुकानात 'बसतो की' म्हणून मिळेल तो घेऊ नका.

ती बैठक साफ करणं हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. खालच्या बारीक भोकात आधी कापडाचा घट्ट बोळा बसवा, त्याला लांब दोरा बांधून, म्हणजे तो सिलिंडरमध्ये गडप होणार नाही. बैठक साफ करायच्या कटरला ग्रीस फासा, कार्बन त्याला चिकटून वर येतो. कटर हाताने फिरवायचा, ड्रिलला लावायचा नाही. व्हॅक्यूमने ओढून घ्या, टॉर्चने बघा, तांब्याच्या वाशरएवढी स्वच्छ चकचकीत गोल रेघ दिसली की पुरे. चांगल्या इंजेक्टरच्या टोकाला तारेचा ब्रश लावू नका. तिथली भोकं मिलिमीटरच्या आठव्या-सातव्या भागाएवढी असतात, ती एकदा खराब झाली की गेलीच.

बसवताना नवा वाशर, क्लँपचा नवा बोल्ट, अंगाला हलकंसं उष्णता सोसणारं ग्रीस, टोकाला आणि बैठकीला अजिबात नाही. क्रम मात्र सांभाळा. इंजेक्टर ठेवायचा, क्लँप नुसता हाताने बसवायचा, मग रेलकडून येणारा जोराच्या दाबाचा पाइप दोन्ही टोकांना बोटांनी आटे धरेपर्यंत लावायचा. पाइप न ओढता सरळ बसला की इंजेक्टर आपल्या जागी आहे. त्यानंतर क्लँप टॉर्क पान्याने (आवळायचा जोर मोजणाऱ्या), आणि शेवटी पाइपाचे नट. उलट केलंत तर पाइप तिरका बसतो आणि शंभर किलोमीटरवर गळायला लागतो. टॉर्कचा आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. पाइपाचे नट बहुतेक गाड्यांत पंचवीस-तीस न्यूटन मीटरच्या आसपास असतात. ट्रॅक्टरच्या सवयीने जीव लावून आवळाल तर पाइपाचं टोक चेपेल. बरेच उत्पादक हे पाइप एकदाच वापरायचे म्हणून सांगतात. आम्ही टोक भिंगाने बघून परत वापरतो, पण तुम्ही पहिल्यांदा करताय, तर दोषी इंजेक्टरचा पाइप नवाच घ्या.

हवा काढायलाही ट्रॅक्टरची पद्धत विसरा. हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) असेल तर कडक होईपर्यंत दाबा, नसेल तर चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करून टाकीतला पंप चालू द्या. मग सेल्फ, एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मध्ये मिनिटभर विश्रांती. पंपाला वंगण डिझेलचंच असतं, तो कोरडा फिरवत बसलात तर इंजेक्टर बदलता बदलता पंप बदलायची वेळ येईल.

कोडचं म्हणत होतो ते आता. प्रत्येक इंजेक्टर कारखान्यात तपासला जातो, तो किती जास्त-कमी फवारतो ते मोजून त्याच्या डोक्यावर अक्षर-आकड्यांचा कोड कोरतात. बॉशचा छोटा असतो, डेल्फीचा सोळा किंवा वीस अक्षरांचा, डेन्सोचा बऱ्याचदा त्याहून लांब. तो स्कॅनरने त्या त्या सिलिंडरच्या नावावर ईसीयूत भरायचा असतो. न भरता गाडी चालते, म्हणून बरेच जण सोडून देतात, आणि मग थरथर, धूर, 'नवे इंजेक्टर पण डुप्लिकेट निघाले' ही तक्रार. बसवण्याआधी डोक्याचा फोटो काढून ठेवा, बसल्यावर तो कोड नीट दिसेलच असं नाही.

नवे घ्यायचे की जुने दुरुस्त करायचे? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. लाख किलोमीटरच्या आत एकच गेला असेल तर एकच बदला. दीड लाखाच्या पुढे एक-दोन गेले असतील तर चारही काढा, पण विकत घेण्याआधी चारही टेस्ट बेंचवर, म्हणजे इंजेक्टर तपासायच्या यंत्रावर, लावून घ्या. चांगलं दुकान आयडल, अर्धा भार, पूर्ण भार, बारीक फवारा आणि रिटर्न अशा प्रत्येकाचे आकडे छापील कागदावर देतं. कागद न देता 'धुऊन दिलेत, आता ओके' म्हणणाऱ्याकडून परत या. धुण्याने झडपेची झीज भरून निघत नाही. टाकीत ओतायच्या क्लीनरच्या बाटलीचंही तेच, टोकावरचा थर थोडा कमी झाला तर झाला. नोझल आणि झडप दोन्ही मूळ कंपनीची घालून, बेंचवर आकडे आणून दिलेला इंजेक्टर मी माझ्या गाडीत घालीन. नाव नसलेल्या डबीतलं नोझल फुकट दिलं तरी घालणार नाही.

आता जे कुणी विचारत नाही ते. इंजेक्टर गेला कशाने?

रावेरकडच्या एका गिऱ्हाइकाची गाडी माझ्याकडे आली होती. दुसरीकडे चारही नवे टाकून तीन महिने झाले होते आणि लक्षणं पुन्हा तीच. मी इंजेक्टरला हात लावला नाही, फिल्टर काढून त्यातलं डिझेल काचेच्या बरणीत ओतलं. खाली बोटभर पाणी, त्यात तांबूस गाळ. विचारलं तर म्हणाले, डिझेल पंपावरचंच आहे, फक्त शेतातल्या ड्रममध्ये ठेवतो, ट्रॅक्टरला आणि गाडीला दोन्हीला तेच. ड्रम उघड्यावर, पावसाळ्यात झाकणावर पाणी साचायचं, रात्री गार झाला की ड्रम ते आत ओढून घ्यायचा. ट्रॅक्टरने ते वर्षानुवर्षं पचवलं होतं. कॉमन रेलला पाणी पचत नाही, झडपेच्या बैठकीला गंज चढतो. टाकी उतरवून धुतली, लाइन धुतली, फिल्टर बदलला, मग दोन इंजेक्टर वाचले आणि दोन गेले.

हायवेला ढाब्यामागे स्वस्तात मिळतं त्या डिझेलबद्दल तर बोलायलाच नको. रॉकेल मिसळलं की डिझेलचा चिकटपणा जातो, पंप कोरडा घासतो. त्या घासण्याची खूण फिल्टरमध्ये सापडते. फिल्टर कापून बघा, आत चमकी दिसली तर थांबा. जळगावात चमक दिसली की लोक खूश होतात, पण ही चमक पंपाचं पोलाद आहे. लोहचुंबक फिरवा, चिकटली तर पंप स्वतःला खातोय आणि तो चुरा रेल, पाइप, इंजेक्टर, टाकी सगळीकडे पोचलाय. तिथे नुसते इंजेक्टर बदलणं म्हणजे ते चाळणीत टाकणं. पंप, रेल, पाइप सगळंच करावं लागतं, आणि मग गाडीची किंमत बघून करायचं की नाही ते ठरवा.

टू-स्ट्रोक ऑइल टाकीत ओतण्याचा सल्लाही कुणी देईल. देऊ द्या. फिल्टर वेळेवर बदला, पावसाळ्यात महिन्यातून एकदा फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू उघडून थेंब बघा, तेवढ्याने भागतं.

पेट्रोलवाल्यांनी हे वाचून घाबरू नये. तुमच्या साध्या एमपीएफआय गाडीत (जिथे फवारा सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत पडतो) इंजेक्टरला तीन-चार बार दाब असतो, वर-खाली रबरी ओ-रिंग, रेल सोडली की चारही हातात. ओ-रिंग नव्या घालायच्या, इंजिन ऑइलचं बोट लावून, आणि जवळ बिडी-काडी नको. ज्यांच्या पेट्रोल गाडीत थेट सिलिंडरमध्ये फवारा जातो, त्यांनी मात्र डिझेलवाल्यांच्या रांगेत बसावं.

तर दादा, तुम्ही असं करा. या आठवड्यात एखाद्या दुपारी गाडी तापवून चार बाटल्या लावा, बाटल्यांचा फोटो पाठवा. फिल्टर काढाल तेव्हा त्यातलं डिझेल काचेच्या बरणीत घेऊन रात्रभर ठेवा, आणि शेतात ड्रम असेल तर त्याच्या तळातलंही दुसऱ्या बरणीत. दोन्ही घेऊन या. इंजेक्टर काढायचे की नाही ते बरण्या बघून ठरवू.